चालू प्रोग्राममधला परका कोड: मल्टिक्सपासून अनसिंगपर्यंत

गतिशील लायब्ररी म्हणजे प्रोग्राम सुरू झाल्यावर, गरज पडेल तेव्हा, मेमरीत आणून त्याला जोडला जाणारा कोड. डिस्कवर ती वेगळी फाइल असते. बहुतेकदा ती वेगळ्या माणसांनी, वेगळ्या संस्थेत आणि वेगळ्या वर्षी लिहिलेली असते. पण एकदा लोड झाली की यजमान प्रोग्रामची मेमरी तिची आणि त्याचे अधिकारही तिचेच. तिने भलत्याच पत्त्यावर लिहिले, तर ऑपरेटिंग सिस्टिम बंद करते तो अख्खा प्रोग्राम, आणि पडद्यावर नाव झळकते तेही त्याचेच. अशा वेळी दोष नेमका कोणाच्या कोडमध्ये आहे हे शोधण्याच्या कसबाला सुमारे साठ वर्षांचा इतिहास आहे. देवनागरी अक्षरे पडद्यावर काढणाऱ्या लायब्ररींमुळे आणि सरकारी कामासाठी गावोगावच्या संगणकांत शिरलेल्या लायब्ररींमुळे त्यातला बराचसा भाग महाराष्ट्राच्याही वाट्याला आला आहे.

संगणकाच्या पहिल्या पिढीत हा प्रश्नच नव्हता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या सुमारास टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक चालू झाला, १९६४ मध्ये तिथेच सीडीसी ३६०० आला. अशा यंत्रांवर प्रोग्राम एकसंध असे. त्याला लागणारी गणिती उपकार्ये चालवण्याआधीच त्यात मिसळलेली असत. काही बिघडले की मेमरीतले आकडे कागदावर छापून घ्यायचे आणि ते पुढ्यात पसरून बसायचे. काम वेळखाऊ होते, पण कुठला कोड कुठल्या पत्त्यावर आहे हे आधीपासून ठाऊक असे. पुढे नेमकी हीच खात्री हरवली.

ती हरवायला सुरुवात झाली मल्टिक्सपासून. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी १९६४-६५ मध्ये आखलेल्या या प्रणालीत एखाद्या उपकार्याचा उल्लेख प्रोग्राममध्ये केवळ नावाने असे. चालता चालता त्या नावापाशी पहिल्यांदा पोचल्यावर मुद्दाम एक अडथळा येई, प्रणाली ते नाव शोधून काढी, तो कोड जोडी आणि प्रोग्राम पुढे जाई. दुसऱ्या वेळी अडथळा नाही. कल्पना देखणी होती आणि आजच्या सर्व गतिशील लायब्ररींचे मूळ तिच्यातच आहे. मल्टिक्सच्या अनुभवातून जन्मलेल्या युनिक्सने मात्र ती सुरुवातीला घेतली नाही. प्रत्येक प्रोग्राम आपापली प्रत बाळगत राहिला, आणि जागेची उधळपट्टी अंगावर येऊ लागली तेव्हा, १९८८ च्या सनओएस ४.० पासून, सामायिक लायब्ररी आणि चालू प्रोग्राममध्ये हवी ती लायब्ररी बोलावून घेणारे ‘डीएलओपन’ हे कार्य युनिक्सच्या जगात रुळले.

रिचर्ड स्टॉलमन यांचा जीडीबी हा डीबगर १९८६ मधला. डीबगर चालू प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवतो, चलांच्या किमती दाखवतो, आणि कोसळलेल्या प्रोग्राममध्ये कोणत्या कार्याने कोणाला हाक मारली याची साखळी उलगडतो. सामायिक लायब्ररी आल्यावर त्याच्यापुढे दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली पत्त्याची. लायब्ररी स्वतःच्या हिशेबाने शून्यापासून मोजते, पण ती मेमरीत कुठे बसेल हे लोड होताना ठरते. समजा प्रोग्राम ७२३४५० या पत्त्यावर कोसळला आणि लायब्ररी ७००००० पासून बसलेली आहे. वजाबाकी करून २३४५० उरतात, आणि लायब्ररीच्या फाइलमध्ये त्या अंतरावर कोणते कार्य, मूळ मजकुराची कोणती ओळ आहे ते पाहायचे. सगळ्या दोषशोधाच्या तळाशी ही साधी वजाबाकी आहे. लायब्ररीचा आरंभपत्ता हाती नसेल तर कोसळल्याचा पत्ता निव्वळ एक आकडा उरतो. पुढे सुरक्षेसाठी लायब्ररी दर वेळी वेगळ्या, अंदाज न येणाऱ्या जागी बसवण्याची पद्धत आली. लिनक्सच्या गाभ्यात ती २००५ मध्ये शिरली, विंडोजमध्ये व्हिस्टाबरोबर. त्यानंतर नुसता पत्ता कळवणाऱ्या तक्रारींना काही अर्थच राहिला नाही. जीडीबी आपल्या हाताने प्रोग्राम सुरू करतो तेव्हा ही सरमिसळ बंद ठेवतो, ती याच कारणाने.

दुसरी अडचण वेळेची. जी लायब्ररी अजून आलेलीच नाही तिच्यात ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, लावायची कशी? जोडणी करणारा लोडर आणि डीबगर यांनी यावर एक संकेत ठरवला. लोडर मेमरीत लोड झालेल्या लायब्ररींची यादी ठेवतो आणि यादी बदलली की एका रिकाम्या कार्याला हाक मारतो. ते कार्य काहीच करत नाही. डीबगरने तिथे गुपचूप ब्रेकपॉइंट लावलेला असतो, म्हणून नवी लायब्ररी आली की तो जागा होतो, यादी वाचतो, चिन्हनामे भरतो आणि प्रोग्रामला पुढे सोडतो. वापरणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. पुढच्या काळात ‘ही लायब्ररी आली की इथे थांब’ असा उधारीचा ब्रेकपॉइंटही लावता येऊ लागला.

त्याआधी लोक जी युक्ती वापरत, ती आजही शिकवली जाते, आणि ती संवादी प्रोग्रामच्या स्वभावावर बेतलेली आहे. संवादी प्रोग्राम बहुतेक वेळ माणसाची वाट पाहत बसलेला असतो. सांख्यिकीसाठी वापरली जाणारी आर ही भाषा घ्या. बेल लॅब्जमध्ये १९७६ पासून घडलेल्या एस भाषेच्या वळणावर ती न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात रचली. तिच्यात सी किंवा फोरट्रानमध्ये लिहिलेली लायब्ररी मधूनच लोड करता येते. आर डीबगरच्या हाताखाली सुरू करायचा, त्याच्या सूचनारेषेवर लायब्ररी लोड करायची, मग कंट्रोल-सी दाबून डीबगरकडे परतायचे. आता लायब्ररी मेमरीत आहे, तिची नावे ओळखीची आहेत. ब्रेकपॉइंट लावायचा आणि ‘सिग्नल ०’ अशी आज्ञा देऊन आरला पुन्हा चालू करायचे. शून्याचा अर्थ, आरकडे कोणताही सिग्नल जाऊ द्यायचा नाही. आरच्या अधिकृत मार्गदर्शिकेत ही कृती टप्प्याटप्प्याने दिलेली आहे.

विंडोजचा मार्ग वेगळा, आणि महाराष्ट्रातल्या बहुसंख्य संगणकांना लागू पडला तो हाच. १९८५ च्या पहिल्या आवृत्तीपासून विंडोज डीएलएल फाइलींवर, म्हणजे गतिशील लायब्ररींवरच, उभी होती. विंडोज ९५ आणि ९८ वर काम केलेल्या कोणालाही ती खिडकी आठवेल: प्रोग्रामने बेकायदा कृती केली आहे, तो बंद होईल. तिच्यातले ‘डिटेल्स’ बटण दाबले की कोणत्या मॉड्यूलमध्ये, कोणत्या पत्त्यावर गडबड झाली तेही दिसे. ते बटण दाबणारे थोडे आणि दिसलेले आकडे टिपून ठेवणारे त्याहून थोडे. डॉक्टर वॉटसन नावाचा प्रोग्राम हीच माहिती फाइलीत नोंदवी. तरीही खिडकीत दिसणारे मॉड्यूल गुन्हेगार असेलच असे नसे. ‘कर्नेल३२’चे नाव वारंवार येई, कारण चुकीचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला भलताच पत्ता, हाती देणारे दुसरेच कोणी असे आणि तो वापरताना तोंडघशी पडे ते बिचारे कर्नेल३२.

मराठी टंकलेखनाने या गुंत्यात भर घातली. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली, आणि तिच्या जिस्ट गटाने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम पुढे नेले. इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली १९९१ मध्ये मानक झाली. पण त्या काळच्या विंडोजला देवनागरी कळत नव्हती. दुसऱ्या कोणाच्या तरी प्रोग्राममध्ये मराठी उमटवायची तर दाबलेली कळ वाटेतच अडवून बदलणे हा एक उपाय होता, आणि त्यासाठी विंडोजने ‘हुक’ची सोय दिली होती. अशा सार्वत्रिक हुकची लायब्ररी खिडकी असलेल्या प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात जाऊन बसते. म्हणजे पत्रके जुळवण्याच्या प्रोग्राममध्ये, हिशेबाच्या प्रोग्राममध्ये, अगदी कॅलक्युलेटरमध्येसुद्धा. हुकमध्ये चूक असेल तर कोसळेल तो समोरचा प्रोग्राम, ज्याच्या कर्त्यांना असे काही आपल्या पोटात आहे याची कल्पनाही नसते.

मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ५ आणि विंडोज २००० बरोबर युनिस्क्राइब ही लायब्ररी दिली, तेव्हा जोडाक्षरे जुळवण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमकडे आले. विंडोज एक्सपीत ती सोय सुरुवातीला बंद असे. नियंत्रण फलकात जाऊन, मूळ सीडी घालून ती चालू करावी लागे. शिवाय यूएसपी१० नावाच्या या डीएलएलच्या अनेक आवृत्त्या एकाच संगणकावर नांदू लागल्या. एक विंडोजची, एक ऑफिसने आपल्याबरोबर आणलेली. त्यामुळे तोच मजकूर एका खिडकीत नीट आणि दुसरीत फुटलेला दिसे. भारतीय लिप्यांच्या हौशी वापरकर्त्यांत नवी डीएलएल प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये चिकटवण्याचा उपाय बराच चालला. उपाय धाडसी होता. प्रोग्राम ज्या आवृत्तीवर तपासलेलाच नाही ती त्याच्या गळ्यात बांधल्यावर पुढचे क्रॅश ज्याचे त्याने निस्तरायचे. यालाच जगभर ‘डीएलएल नरक’ म्हटले गेले. विंडोज २००० ने प्रणालीतल्या फाइली कोणी बदलल्या तर त्या परत जागेवर ठेवायला सुरुवात केली, आणि एक्सपीने निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची रीतसर व्यवस्था केली.

लिनक्सवर हेच काम पँगो या लायब्ररीकडे होते. २००२ मध्ये आलेल्या जीनोम २ या डेस्कटॉपपासून पडद्यावरचा बहुतेक मजकूर तिच्यातून जाई. पँगोची रचना आपल्या विषयासाठी पाठ्यपुस्तकातले उदाहरण ठरावी अशी होती: प्रत्येक लिपीगटासाठी वेगळे मॉड्यूल, आणि कोणते मॉड्यूल कोणत्या लिपीचे याची एका फाइलीत यादी. भारतीय लिप्यांचे मॉड्यूल मेमरीत येई ते त्या लिपीतले पहिले अक्षर पडद्यावर काढायची वेळ आली की. म्हणजे दिवसभर इंग्रजीत सुरळीत चाललेला प्रोग्राम फोल्डरमध्ये एखादे मराठी नाव येताच कोसळणे शक्य होते, आणि इंग्रजी वापरणाऱ्या विकासकाकडे तीच तक्रार पुन्हा घडवून दाखवणे अशक्य. म्हणून अशा तक्रारी सोडवायला ती लिपी वाचणारी माणसे जवळ असणे हाच मोठा फरक होता. पुण्यात रेड हॅटचा भारतीय भाषांवर काम करणारा गट होता. लोहित हे मुक्त फाँट २००४ मध्ये रेड हॅटनेच खुले केले होते, आणि पुढे त्यांची देखभाल प्रवीण सातपुते यांच्यासारख्या अभियंत्यांनी केली. २०१२ च्या सुमारास पँगोने अक्षरजुळणीचे काम हार्फबझ या लायब्ररीकडे दिले आणि नंतर सुट्या मॉड्यूलांची ती व्यवस्थाच काढून टाकली.

देवनागरीत अशा चुका का होतात हे ‘दऱ्या’ किंवा ‘क्षिती’ असे शब्द पाहिले की ध्यानात येते. ‘क्षि’मध्ये संकेतांचा क्रम क, हलन्त, ष, वेलांटी असा चार घटकांचा आहे. पडद्यावर मात्र दोनच आकृत्या उरतात, आणि शेवटी टंकलेली वेलांटी सर्वांत आधी काढावी लागते. घटक कमी होतात, कधी वाढतात, जागा बदलतात. लायब्ररीने आठ आकृत्यांची जागा राखली आणि नववी लिहिली, तर ती शेजारच्या मालकीच्या मेमरीत जाते. त्या क्षणी काहीच घडत नाही. बऱ्याच वेळाने, ती मेमरी परत करताना किंवा भलत्याच कामासाठी वापरताना, प्रोग्राम कोसळतो, आणि डीबगरच्या साखळीत अक्षरजुळणीचे नावही नसते. या प्रकारात नुसत्या ब्रेकपॉइंटने भागत नाही. २००२ मध्ये आलेल्या व्हॅलग्रिंडने प्रोग्रामची प्रत्येक मेमरी-हालचाल तपासत त्याला कृत्रिम यंत्रावर चालवण्याचा मार्ग दिला. संवादी प्रोग्राम त्याखाली इतका मंदावे की मेनू उघडायलाही थांबावे लागे. गूगलच्या अभियंत्यांनी २०१२ मध्ये मांडलेला ॲड्रेससॅनिटायझर कितीतरी वेगवान ठरला, कारण तपासणीचा कोड तो कंपाइल करतानाच पेरतो आणि प्रत्येक राखीव तुकड्याभोवती निषिद्ध पट्टे आखतो. नववी आकृती लिहिताक्षणी प्रोग्राम थांबतो आणि ती लिहिणारी ओळ दाखवतो. अट एकच, लायब्ररीचा मूळ मजकूर हाती हवा.

मूळ मजकूर हाती नसलेल्या लायब्ररी गावापर्यंत पोचल्या त्या सरकारी कामाबरोबर. अनसिंग हे वाशिम तालुक्यातले, वाशिम-पुसद रस्त्यावरचे मोठे गाव. वाशिम जिल्हाच १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे जिल्ह्याचे प्रशासन आणि संगणक जवळपास एकाच पिढीचे. अशा गावांत संगणक आधी डीटीपी आणि झेरॉक्सच्या दुकानांत आला, मग २०११ पासून संग्राम प्रकल्पाने ग्रामपंचायतींत आणि पुढे आपले सरकार सेवा केंद्रांत. दाखले, फेरफार, ई-निविदा यांसाठी डिजिटल सही आली आणि तिच्याबरोबर यूएसबीचे टोकन. टोकन वापरण्याचा एक प्रचलित मार्ग असा होता: ब्राउझरमध्ये जावाचे प्लगइन, त्यात सही करणारे ॲप्लेट, ॲप्लेट बोलावी ती टोकन बनवणाऱ्याची लायब्ररी, आणि तिच्याखाली ड्रायव्हर. चार घरची बिऱ्हाडे एकाच सहीसाठी. टोकनची लायब्ररी पीकेसीएस ११ या १९९५ मधल्या मानकाप्रमाणे लिहिलेली असते. त्यात बाहेरून नावाने शोधायचे कार्य तत्त्वतः एकच, आणि ते बाकी सर्व कार्यांच्या पत्त्यांचा तक्ता हाती देते. त्यामुळे नावाने ब्रेकपॉइंट लावायला जावे तर नावे मिळतीलच असे नाही. तक्त्यातले पत्ते वाचून तिथे लावावे लागतात.

सेवा केंद्रातल्या चालकाला यातले काही दिसत नसे. त्याला दिसे ते ब्राउझर अचानक नाहीसे होणे, अर्ध्यावर राहिलेला अर्ज आणि समोरची रांग. जावा मात्र कोसळताना एक चिठ्ठी मागे ठेवते. ‘एचएस-एर’ने सुरू होणाऱ्या नावाच्या त्या फाइलीत दोष आलेली चौकट लिहिलेली असते आणि तिच्याआधी एक अक्षर असते. सी असेल तर बाहेरची लायब्ररी, व्ही असेल तर जावाचे स्वतःचे यंत्र, जे असेल तर जावातला कंपाइल झालेला कोड. पुढे लायब्ररीचे नाव आणि तिच्या आरंभापासूनचे अंतर, म्हणजे वर सांगितलेली वजाबाकी करूनच दिलेली. खाली त्या वेळी लोड असलेल्या सर्व लायब्ररींची यादी. दूरवरून स्क्रीन घेऊन मदत करणाऱ्याने ही फाइल मागवली तर अर्धे काम होते. प्रत्यक्षात मदत सुरू होते ती ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यापासून, आणि पुष्कळदा तिथेच संपते. आवृत्त्यांची सरमिसळ हे कारण असेल तर ते चुकीचेही नसते.

दोष शोधत बसण्यापेक्षा परका कोड वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतःची मेमरी असलेला स्वतंत्र चालू प्रोग्राम म्हणून, ठेवावा, हा विचार याच काळात बळावला. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने प्लगइन सुरुवातीपासून वेगळी ठेवली, फायरफॉक्सने २०१० मध्ये. प्लगइन कोसळले तरी पान उभे राहू लागले आणि अहवालातही नाव योग्य पक्षाचे येऊ लागले. मग क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जुन्या पद्धतीची प्लगइन घेणेच बंद केले, आणि जावावर बेतलेल्या सह्यांना वेगळा रस्ता शोधावा लागला. आधारच्या बोटांच्या ठशांसाठी २०१७ मध्ये नोंदणीकृत उपकरणांची जी पद्धत आली तिच्यात हा धडा मुरलेला आहे. विंडोजवर उपकरण बनवणाऱ्याची आरडी सेवा स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालते, आणि ब्राउझर तिच्याशी त्याच संगणकावर, ११,१०० ते ११,१२० या पोर्टांपैकी एकावर बोलतो. ठसा घेणारी लायब्ररी कोसळली तर सेवा बंद पडते, अर्ज शाबूत राहतो.

मजकूर काढणाऱ्या लायब्ररीला असे लांब ठेवणे सोपे नाही. ती प्रत्येक ओळीसाठी लागते. फेब्रुवारी २०१८ मध्ये याची झलक मिळाली. एक तेलुगू अक्षरसमूह संदेशात आला की आयफोनवरचा जो प्रोग्राम तो दाखवू पाही तो कोसळे, कारण सगळे एकाच कोअरटेक्स्ट लायब्ररीवर अवलंबून. मूळ मजकूर बाहेर कोणाकडे नव्हता. तेव्हा मोझिलात असलेले मनीष गोरेगावकर यांनी अक्षरे बदलत, एक एक घटक काढत-घालत नमुना शोधून काढला: व्यंजन, हलन्त, मागच्या व्यंजनाला जोडून येणारे दुसरे व्यंजन, मग जोडणी तोडणारे अदृश्य चिन्ह, मग स्वरचिन्ह. तेलुगूच नव्हे, बंगाली आणि देवनागरीतही तो लागू पडे. देवनागरीत दुसरे व्यंजन र हवे, म्हणजे ‘क्र’ किंवा ‘प्र’सारखे जोडाक्षर, त्यानंतर ते अदृश्य चिन्ह आणि काना. सर्वसाधारण लेखनात असा क्रम सहसा येत नाही, म्हणूनच तो तोवर कोणाच्या ध्यानात आला नसावा. ॲपलने १९ फेब्रुवारीला आयओएस ११.२.६ देऊन दुरुस्ती केली आणि नोंदीत कारण मेमरी बिघडल्याचे दिले.

फायरफॉक्सने २०२० मध्ये यावर मधला मार्ग काढला. ग्रॅफाइट ही फाँटमधली अक्षरजुळणीची लायब्ररी त्याच प्रोसेसमध्ये ठेवून, पण वेबअसेंब्ली या ब्राउझरसाठीच्या संकेतरूपात कंपाइल करून, तिला फक्त स्वतःच्या मेमरीच्या तुकड्यात लिहिता येईल असे बांधले गेले. डिसेंबर २०२१ च्या ९५ व्या आवृत्तीत शुद्धलेखन तपासणारी हनस्पेल आणि आणखी काही लायब्ररी या कुंपणात गेल्या. हे करताना वेबअसेंब्लीतून पुन्हा सी मजकूर तयार करून तो कंपाइल केला जातो. त्यामुळे कुंपणातली लायब्ररी कोसळली तर डीबगरला प्रथम दिसतो तो यंत्राने लिहिलेला सी मजकूर, आणि त्यावरून माणसाने लिहिलेल्या मूळ ओळीपर्यंत मागे जावे लागते.